केस, तंतू आणि काचकण: सूक्ष्मदर्शकाखाली पुरावा कसा तपासावा

घटनास्थळावरून आलेल्या चिकटपट्टीवर एखादा तंतू दिसला की तो उचलून थेट ४०० पट वर्धनाखाली ठेवण्याचा मोह नवशिक्याला होतो, आणि बरीचशी माहिती तिथेच हातची जाते. सुरुवात स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली (दोन्ही डोळ्यांनी वस्तूची खोली दाखवणाऱ्या, कमी वर्धनाच्या), साधारण १० ते ४० पट वर्धनावर करावी. वस्तू कशी चिकटली आहे, तिच्यावर माती, रंग किंवा रक्ताचा थर आहे का, केसाच्या मुळाशी ऊती शिल्लक आहे का, हे जागेवरून हलवण्यापूर्वीच पाहावे लागते. ऊती दिसल्यास तो भाग डीएनए तपासणीसाठी आधी राखून ठेवावा. मोजपट्टीसह छायाचित्र काढल्याशिवाय चिमटा लावू नये. संशयिताचे कपडे आणि घटनास्थळाचे नमुने एकाच टेबलावर एकाच वेळी उघडू नयेत, कारण तंतू एकीकडून दुसरीकडे गेल्याची नुसती शक्यता राहिली तरी पुढची सगळी मेहनत संशयास्पद ठरते.

केसाच्या पृष्ठभागावरील खवले पाहायचे असल्यास ते काम काचपट्टी कायमची तयार करण्याआधी उरकावे. पारदर्शक नेलपॉलिशच्या पातळ थरात केस अर्धवट रुतवावा आणि थर वाळल्यावर अलगद काढून घ्यावा. मागे राहिलेल्या ठशात खवल्यांची रचना स्पष्ट दिसते. माणसाच्या केसाचे खवले चपटे व एकमेकांवर चढलेले असतात, तर मांजराच्या केसाचे पाकळ्यांसारखे टोकदार असतात. त्यानंतर केस अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो हे सांगणारा अंक) माहीत असलेल्या माध्यमात बसवून त्यावर कव्हरस्लिप (पातळ झाकणकाच) ठेवावी, कारण कोरड्या केसाच्या कडा काळ्या दिसतात आणि आतला तपशील लपतो. मज्जेची, म्हणजे केसाच्या मधल्या गाभ्याची, रुंदी केसाच्या एकूण रुंदीच्या एक तृतीयांशाहून कमी असेल तर केस बहुधा माणसाचा असतो. अनेक प्राण्यांत हे प्रमाण निम्मे किंवा अधिक असते.

तंतूंसाठी ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाइतके उपयुक्त साधन क्वचितच दुसरे असेल. दोन ध्रुवक (असा प्रकाश देणाऱ्या गाळण्या) एकमेकांना काटकोनात ठेवून मंच फिरवला की बहुतेक कृत्रिम तंतू दर ९० अंशांनी पूर्ण काळे होतात. पीळ पडलेल्या फितीसारखा दिसणारा कापसाचा तंतू मात्र पूर्ण काळा होत नाही. पॉलिस्टरचे द्विअपवर्तन (दोन दिशांतील अपवर्तनांकांमधला फरक) नायलॉनपेक्षा बरेच जास्त असल्याने सारख्या जाडीचे हे दोन तंतू व्यतिकरणाच्या (प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून दिसणाऱ्या) रंगांवरून वेगळे ओळखता येतात. याच मांडणीत काचेचा कण सर्व स्थितींत काळा राहतो, तर वाळूतील क्वार्ट्झचा कण सहसा उजळतो.

तुलना सूक्ष्मदर्शकाखाली, म्हणजे दोन नमुने शेजारी-शेजारी दाखवणाऱ्या उपकरणाखाली, दोन्ही नमुने एकाच माध्यमात, एकाच वर्धनावर आणि एकसारख्या प्रकाशात ठेवावेत. डोळ्याला सारखे वाटणारे रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांचे असू शकतात, म्हणून सूक्ष्म वर्णपटमापकाची (अगदी लहान भागाच्या रंगाचा वर्णपट मोजणाऱ्या उपकरणाची) नोंद घ्यावी.

निष्कर्ष लिहिताना हात आवरावा लागतो. केसांच्या सूक्ष्मदर्शकीय तुलनेवर दिलेल्या साक्षींचा अमेरिकेत फेरआढावा घेतला गेला, तेव्हा तपासलेल्या खटल्यांच्या प्रतिलेखांपैकी किमान ९० टक्क्यांत चुकीची विधाने आढळल्याचे एफबीआयने (अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने) २०१५ मध्ये जाहीर केले. त्या विधानांच्या आधारे माणसे तुरुंगात गेली होती. स्पष्ट फरक आढळला, तर दोन्ही नमुन्यांचा उगम एक नाही असे म्हणता येते. फरक आढळला नाही, तर ‘हा तंतू या कपड्याचा किंवा तशाच दुसऱ्या कपड्याचा असू शकतो’ एवढेच लिहावे. मग तीच काचपट्टी, आपला निष्कर्ष न सांगता, दुसऱ्या तपासनिसाकडे द्यावी.