हिशेबाच्या वहीत प्रार्थना कशी लिहावी

16 मार्च 2018 पासून गोव्यातल्या खाणी थांबल्या. सर्वोच्च न्यायालयाने 7 फेब्रुवारीला 88 लीजचं नूतनीकरण रद्द केलं होतं. मी मात्र जानेवारीत कर्ज काढून खनिज वाहायला दुसरा टिपर ट्रक घेऊन बसलो होतो. कुडचडे-सावर्ड्यात तेव्हा जिथे तिथे टिपर उभे, चाकांभोवती गवत. माझ्या अंगणात दोन.

आमचं घर कोल्हापूरकडचं, उपासना मराठीतून, बायबल लहानपणापासून कानावर. तरी त्या दिवसांत प्रार्थनेला बसलो की तोंडातून शब्द फुटेना. भेटणारा प्रत्येक जण म्हणे, 'देवाच्या मनात काहीतरी चांगलंच असेल.' असेल बाबा, पण हप्ता पाच तारखेला असतो. माझ्यासारखी गत झालेल्यांसाठी, मी काय केलं ते सांगतो.

बायबलातल्या जुन्या कराराच्या शेवटाकडे हबक्कूक नावाच्या संदेष्ट्याचं तीन अध्यायांचं पुस्तक आहे. पटकन सापडत नाही; अनुक्रमणिका बघा, त्यात लाज कसली. त्याची सुरुवातच गाऱ्हाण्याने होते: देवा, मी किती काळ ओरडू, तू ऐकत का नाहीस? म्हणून आधी गाऱ्हाणं घाला, आणि तेही लिहून. माझ्याकडे डिझेलच्या हिशेबाची वही होती, उजव्या पानांवर आकडे, डावी पानं कोरी. डावीकडे लिहीत गेलो. तोंडी प्रार्थनेत आपण फार लवकर शहाणे होतो, दुसऱ्याच वाक्याला 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो'वर येतो. पहिल्या आठवड्यात हे वाक्य लिहूच नका. रक्कम लिहा, तारीख लिहा, राग कोणाचा आला ते लिहा. पान अंधारातच संपलं तर संपू दे. स्तोत्र 88 सुद्धा अंधारावरच संपतं, आणि ते कोणी बायबलातून काढून टाकलेलं नाही.

दुसऱ्या अध्यायाच्या तोंडाशी हबक्कूक पहाऱ्यावर उभा राहतो, देव काय उत्तर देतो ते बघायला. पहारा म्हटला की वेळ ठरलेली हवी. खाणीवर लाइन लावायला मी साडेपाचला निघायचो, तीच वेळ धरली. बंद टिपरच्या केबिनमध्ये पंधरा मिनिटं, मोबाइल घरात. बहुतेक दिवशी फक्त डास चावले. खरं तेच सांगतो.

सगळ्यात अवघड तिसरा अध्याय. तिथे सहा गोष्टींची यादी आहे: अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. आणि पुढे 'तरी मी आनंद करीन'. आपलीही सहा कलमांची यादी करा. माझी अशी: ट्रिपा नाहीत, ड्रायव्हर गावी गेला, बायकोच्या बांगड्या गहाण, बँकेचा फोन, मुलीची फी, झोप नाही. खाली लिहिलं 'तरी', आणि पेन थांबलं. अकरा दिवस ती ओळ तशीच.

बाराव्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या काकीने खुरसाजवळच्या, म्हणजे क्रुसाजवळच्या, लादाईनीला बोलावलं; लादाईन म्हणजे गोव्यातल्या कॅथलिकांची गाऊन म्हणायची प्रार्थना. ते कॅथलिक, आम्ही प्रोटेस्टंट, एरवी मी काहीतरी सबब काढली असती. गेलो. व्हायोलिन जरा बेसूर, म्हातारी माणसं मात्र मोठ्याने गात होती. शेवटी उकडलेले चणे वाटले. काकीच्या घरात मिठाचा अंदाज बहुधा दोघांनी घेतला असावा. एक चणा तोंडात टाकला आणि शेजारचा नि मी एकमेकांकडे बघून जे हसत सुटलो, की काकी रागावली. घरी येऊन 'तरी'पुढे लिहिलं: 'चणे खारट. हसलो.' मग कधी नव्हे ते अध्यायाची शेवटची ओळ नीट वाचली. हे तंतुवाद्यांवर गायचं आहे, अशी गवयाला सूचना आहे तिथे! सहा नुकसानांची यादी, आणि ती गायची.

तेव्हा आठवड्यातून एकदा तरी, मन नसलं तरी, जिथे माणसं गातात तिथे जाऊन उभे राहा. सूर लागला नाही तरी चालतं.

एक मात्र आधीच करा. आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल किंवा जीव नकोसा वाटत असेल तर वही बाजूला ठेवून घरच्या माणसाला सांगा आणि डॉक्टर गाठा. बांबोळीला सरकारी मानसोपचार रुग्णालय आहे. मी केबिनमध्ये एकटा बसायचो, पण ते बायकोला माहीत असायचं.

नवा टिपर विकला, तोट्यातच. जुना आता चिरे वाहतो. वही केबिनमध्येच असते, उजवीकडे डिझेल, डावीकडे बाकीचं.