जुनी कॉन्टेसा उभी करताय? वेळ आणि उमेद खाणाऱ्या या चुका टाळा

नागपुरात धरमपेठ, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्सच्या जुन्या आवारांत अजूनही कुठे कुठे ताडपत्रीखाली एखादी कॉन्टेसा दिसते. टायर बसलेले, बोनेटवर कडुलिंबाचा पाला, मागच्या सीटवर काढून ठेवलेले दरवाजांचे पॅड. मालकाला विचारा, उत्तर ठरलेलं: "करायची आहे हो, वेळच मिळत नाही." नोकरी, दुकान, लग्नकार्यं, मुलांच्या परीक्षा, सगळं खरं आहे. पण ज्यांच्या गाड्या रस्त्यावर आल्या, त्यांच्याही आठवड्यात तेवढेच तास होते. गाडी रखडते ती बहुतेकदा कामाचा क्रम चुकल्यामुळे. क्रम चुकला की प्रत्येक रविवार अर्धवट जातो, आणि असे रविवार साचत गेले की गाडीकडे बघायचीही इच्छा राहत नाही.

कॉन्टेसाबद्दलच लिहितो, कारण आपल्याकडे 'मसल कार'चं, म्हणजे दमदार इंजिनाच्या रुबाबदार गाडीचं, वेड असलेला माणूस शेवटी तिच्यापाशीच येतो. लांब बोनेट, चार गोल दिवे, मागच्या चाकांना मिळणारी ताकद. हिंदुस्तान मोटर्सने १९८४ ते २००२ या काळात ती बंगालमधल्या उत्तरपाड्याला बनवली. मूळ आराखडा व्हॉक्सहॉल व्हिक्टर या ब्रिटिश गाडीचा. सुरुवातीला बोनेटखाली अ‍ॅम्बेसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन होतं, पुढे इसुझूचं १.८ लिटर इंजिन आणि पाच गिअर आले.

पहिल्याच उत्साहात सगळी गाडी खोलून बसणे

सगळ्यात जास्त गाड्या इथे मरतात. गाडी घरी आली, पहिल्याच सुट्टीत सीट बाहेर, डॅशबोर्ड बाहेर, इंजिन खाली, दरवाजे भिंतीला टेकलेले. खोलताना फार छान वाटतं, कारण प्रगती डोळ्यांना दिसते. सक्करदऱ्याचे एक जुने मिस्त्री प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला बजावतात, "भाऊ, खोलाले एक दिवस लागते, जोडाले साल लागते. जेवढं जोडता येईन तेवढंच खोला."

गाडी चाकांवर आणि ढकलता येईल अशी राहिली पाहिजे, हा नियम पाळा. एका वेळी एकच भाग: आधी ब्रेक, ते पूर्ण झाल्याशिवाय कूलिंगला हात नाही; कूलिंग झाल्याशिवाय वायरिंगला नाही. याचा फायदा असा की मधे तीन महिने काम थांबलं तरी हातात एक सुटी, अनोळखी पेटी उरत नाही, तर 'ब्रेक नवे झालेली गाडी' उरते. उमेद टिकते ती अशा पुऱ्या झालेल्या कामांवर.

अपवाद एकच. जॅक लावायच्या जागेखालचा पत्रा किंवा सस्पेन्शन जिथे बॉडीला धरतं ती जागा गंजून पोकळ झाली असेल, तर आधी पत्र्याचं काम. तिथे पेचकसाचं टोक जोर लावून टोचून बघा. आत गेलं तर बाकी सगळं थांबवा.

खोललेला प्रत्येक भाग त्याच्याच नटबोल्टांसह वेगळ्या पिशवीत, वर मार्करने नाव. फोटो काढाच, पण केवळ फोटोंवर विसंबू नका. दोन वर्षांनी पाहिलेल्या फोटोत कोणता वॉशर कुठल्या बाजूला होता ते दिसत नसतं.

इंजिनाची काळजी, पण दिव्यांचं विसरणे

गाडी घेताना सगळे विचारतात, इंजिन कसं आहे? खरं तर कॉन्टेसाचं इंजिन ही त्यातल्या त्यात सोपी गोष्ट. सुरुवातीच्या १.५ लिटर इंजिनाचे भाग अ‍ॅम्बेसेडरचे आहेत, आणि १.८ इसुझू इंजिनही पुढे अ‍ॅम्बेसेडरमध्ये आलं होतं. अ‍ॅम्बेसेडर २०१४ पर्यंत बनत होती. पिस्टन, रिंगा, बेअरिंग शोधल्यावर मिळतं, नाहीतर लेथवाला मार्ग काढतो.

अडतं ते मागच्या दिव्यांच्या काचेवर, क्रोमच्या पट्ट्यांवर, समोरच्या काचेवर, काचेभोवतीच्या रबरी बीडिंगवर, दाराच्या हँडलवर. हे फक्त कॉन्टेसाचंच लागतं आणि लेथवर बनत नाही. "मिळून जाईल कुठेतरी" म्हणून पुढे गेलेली गाडी रंगून तयार होते आणि एका दिव्यापायी वर्षभर आवारात उभी राहते. हा टप्पा माणसाला सर्वात जास्त खचवतो, कारण आपल्या हातात करण्यासारखं काहीच नसतं. म्हणून रंगाला पैसे द्यायच्या आधी बाहेरून दिसणाऱ्या प्रत्येक वस्तूची यादी करा आणि नसलेल्या वस्तूंच्या शोधाला पहिल्या दिवसापासून लागा. शक्य असेल तर कागदपत्रं संपलेली, भंगारात निघालेली दुसरी कॉन्टेसा भागांसाठी घ्या. जागा असेल तर यासारखा दुसरा शहाणपणाचा खर्च नाही.

नागपूरचं ऊन-पाऊस न बघता काम ठरवणे

पुण्या-मुंबईच्या माणसाचं वेळापत्रक आपल्याला चालत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. दुपारी उघड्यावरच्या पत्र्याला हात लावता येत नाही, पाना चटका देतो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वात तापत्या नऊ दिवसांत, गाडीखाली झोपून सायलेन्सर काढायचं ठरवलं तर ते होणार नाही, आणि 'माझ्याच्याने होत नाही' ही भावना मात्र घर करेल. दोष तुमच्या इच्छाशक्तीचा नाही, महिन्याचा आहे.

उन्हाळा टेबलावरच्या कामांना द्या. कार्ब्युरेटर, डायनॅमो, सेल्फ (स्टार्टर), वायपर मोटर, मीटर, हँडलं, हे सगळं घरात कूलरसमोर बसून रात्री जेवणानंतर होतं. गाडीपाशी जायचं असेल तर पहाटे पाच ते आठ.

पावसाळ्याआधीची चूक सर्वात महाग पडते. एप्रिल-मेमध्ये रंग खरवडून पत्रा उघडा केला, त्यावर साधा करडा प्रायमर मारला आणि जूनमध्ये काम अडकलं. साध्या प्रायमरमधून ओलावा आरपार जातो, आणि पुट्टी तर पाणी शोषूनच घेते. पोळ्यापर्यंत प्रायमरखाली गंज पसरलेला असतो आणि वरून काही कळत नाही. दिवाळीत मारलेल्या सुंदर रंगाला पुढच्या वर्षी फोड येतात ते यामुळे. पत्रा उघडा केलाच असेल तर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर मारून सील करा. त्याहून बरं म्हणजे, तेवढ्या हंगामात पूर्ण करता येईल तेवढाच पत्रा उघडा करा: एक दार, एक मडगार्ड.

पत्रा आणि रंग यांसाठी आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी, ऊन सौम्य, थिनर नीट उडतो. कडक उन्हात रंगाचे थेंब पत्र्यावर पसरायच्या आधीच वाळतात आणि संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा येतो. अर्थात हेच महिने लग्नसराईचे, आणि सरकारी खात्यात असाल तर डिसेंबर हिवाळी अधिवेशनाच्या बंदोबस्तात जातो. काटोलकडे संत्र्याची बाग असेल तर आंबिया बहाराची तोडही याच सुमाराला. म्हणून रंगाऱ्याची तारीख दसऱ्याच्या आधीच घेऊन ठेवा आणि घरच्या तारखा तिच्याभोवती बसवा. उलट केलं तर हिवाळा हातचा जातो, आणि पुढचा हिवाळा वर्षाने येतो.

"रविवारी बघू" म्हणणे

रविवारी काय होतं बघा. उठायला उशीर, तर्री-पोहे, कुणीतरी भेटायला येतं, मग अकराला गाडीपाशी जाता. पहिला अर्धा तास मागच्या वेळी कुठे थांबलो होतो ते आठवण्यात, पुढचा बारा नंबरचा पाना शोधण्यात, मग लक्षात येतं की गॅस्केट आणलेलंच नाही आणि सुट्टीमुळे दुकान बंद आहे. ताडपत्री परत ओढून घरात. दिवस गेला, काम शून्य.

इलाज अगदी साधा आहे. प्रत्येक वेळी उठण्याआधीची दहा मिनिटं पुढच्या कामासाठी राखा. हत्यारं जागेवर ठेवा आणि स्टीअरिंगला एक चिठ्ठी अडकवा, त्यावर पुढचं एकच काम, लहानात लहान शब्दांत. 'ब्रेक करणे' असं लिहिलं तर ती चिठ्ठी निरुपयोगी. 'मागचं डावं चाक काढून सिलिंडर गळतो का बघणे' असं लिहा. त्याखाली लागणारं सामान, म्हणजे शनिवारी दुकानं उघडी असताना ते आणता येईल. अशी चिठ्ठी असली की बुधवारी रात्री मोकळा मिळालेला पाऊण तासही कामी येतो. वेळ मिळत नाही म्हणणाऱ्या माणसाकडे असे पाऊण तास आठवड्यात दोन तरी असतात.

आणि घरच्यांशी वेळ बांधून घ्या. सकाळी सहा ते दहा गाडीची, दहानंतर गाडीचं नाव नाही. दिवसभर अंगाला ग्रीस लावून फिरणाऱ्या माणसाच्या छंदाला घरात कुणी साथ देत नाही, आणि द्यावी तरी का?

वर्षानुवर्षं बंद गाडीला बॅटरी लावून सेल्फ मारणे

इंजिनाचा आवाज ऐकला की सहा महिने पुरेल एवढी उमेद मिळते, म्हणून गाडी लवकर सुरू करावी हे माझं ठाम मत आहे. पण घाई करू नका. कोरड्या सिलिंडरमध्ये रिंगा चिकटलेल्या असतात. सेल्फने जबरदस्ती केली तर रिंग तुटते, सिलिंडरला ओरखडे येतात आणि दोन तासांचं काम इंजिन उतरवण्यावर जातं.

स्पार्क प्लग काढा. प्रत्येक छिद्रातून दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढच्या क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावा आणि हाताने हळू फिरवा. अडलं तर जोर लावू नका. आणखी तेल, आणखी एक-दोन दिवस. दोन पूर्ण फेरे मोकळे फिरले की जुनं ऑइल आणि फिल्टर बदला, रेडिएटरमध्ये कूलंट भरा. मग प्लग बाहेरच ठेवून सेल्फने थोडं फिरवा, ऑइलचा दाब दिसतो का बघा. त्यानंतरच प्लग बसवायचे.

पेट्रोल जुन्या टाकीतून घेऊ नका. टाकीत तळाला गंज आणि चिकट गाळ असतो, तो थेट कार्ब्युरेटरमध्ये जातो. बाटलीतून ताजं पेट्रोल पंपाला जोडा, आणि जवळ आग विझवायचं साधन ठेवा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्या काळचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा त्याने मऊ पडून फाटतात. ते आधीच बदला. गरम इंजिनावर गळणारं पेट्रोल म्हणजे गाडीला आग.

सुरू झाली म्हणून लगेच फुटाळा तलावावर फेरी मारायला काढू नका. ब्रेकचं ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि बंद गाडीत सिलिंडर आतून गंजलेले असतात. ब्रेक पूर्ण झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर नाही.

कागद शेवटी बघू म्हणणे

हे थोडक्यात, पण आजच करा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, सोबत पर्यावरण कर. गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर वारसाच्या नावावर करून घ्या. त्यासाठी नमुना ३१ असतो. चॅसिस आणि इंजिन नंबर आरसी पुस्तकाशी (नोंदणी पुस्तकाशी) जुळवून बघा. विंटेज नोंदणीच्या भरवशावर राहू नका: २०२१ च्या नियमांनुसार ती पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला मिळते, म्हणजे पहिल्यावहिल्या कॉन्टेसालाही २०३४ पर्यंत थांबावं लागेल.

मोठं इंजिन बसवायचं स्वप्न अनेकांना पडतं. १९६४ च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओ या अमेरिकन मसल कारमध्ये ६.४ लिटरचं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन होतं, आणि कॉन्टेसाचा तोंडवळा बघून तसा आवाज हवासा वाटणं मी समजू शकतो. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असे बदल मनाने करता येत नाहीत, आणि परवानगीच्या वाटेवर प्रकल्प अडकतो. मूळ इंजिन चांगलं करा.

गाडी गॅरेजला सोडून येणे

रोजच्या गाड्यांवर पोट असलेल्या गॅरेजमध्ये जुनी गाडी कायम मागे सरकते. हळूहळू ती झाडाखाली जाते, मग तिच्यावर इतरांचे बंपर ठेवले जातात. मिस्त्रीला दोष देण्यात अर्थ नाही. पूर्ण गाडी द्यायचीच नाही. एक काम ठरवून द्यायचं, त्याचे टप्पे आणि पैसे कागदावर लिहायचे, आणि टप्पा पाहिल्यावरच पुढची रक्कम. काढलेले दिवे, पट्ट्या, हँडलं घरी आणायची. आठवड्यातून एकदा स्वतः जाऊन उभं राहायचं, हातात पाना घेता आला तर उत्तमच.

थांबताना तशीच सोडून देणे

बदली होते, आजारपण येतं, पैसे संपतात. थांबावं लागलं तर नीट थांबा. बॅटरी काढून घरात ठेवा, टाकी रिकामी करा, प्लगच्या छिद्रांतून तेल सोडून प्लग परत बसवा. चाकांवरचा भार काढून गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या. सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर फिल्टरच्या नळीत जाळीचा बोळा घाला, नाहीतर पावसाळ्यात उंदीर आत घर करतील आणि नवं वायरिंग कुरतडतील. प्लास्टिकची ताडपत्री पत्र्याला घट्ट बांधू नका, आतला ओलावा कोंडतो. सुती कव्हर आणि वर टिनाचं छप्पर चांगलं. काय झालं, काय उरलं, कोणता भाग कुठल्या पेटीत, हे एका वहीत लिहून ती वही कपाटात ठेवा, गाडीत नको. उद्या तुम्ही परत हात लावा किंवा गाडी दुसऱ्याला द्या, त्या वहीमुळे काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागणार नाही.