नागपुरात डेल्फिनियम फुलवायचं असेल तर

कोजागिरी झाली की नागपूरच्या रात्री बदलतात. दिवसा ऊन चटकतंच, पण पहाटे पायथ्याची चादर अंगावर ओढावीशी वाटते. डेल्फिनियमचं बी बाहेर काढायची वेळ हीच.

डेल्फिनियम हे थंड डोंगराळ मुलखातलं बहुवर्षायू झाड. सरळ दांड्यावर निळी-जांभळी फुलं लागतात आणि प्रत्येक फुलाच्या मागे एक बारीक शेपटी असते. न उमललेली कळी जवळ धरून बघा, उडी घेणाऱ्या डॉल्फिनसारखी दिसते. नाव त्यावरूनच पडलं. निळ्या-जांभळ्या रंगाच्या एका रंगद्रव्यालाही याच झाडावरून डेल्फिनिडिन म्हणतात, आणि वांग्याच्या सालीतला जांभळा रंगही त्याचाच. आपल्या सह्याद्रीतही या कुळातली एक जात आहे, निळवंती. ती फक्त पश्चिम घाटात सापडते आणि आता दुर्मीळ झाली आहे. ती डोंगरावर जाऊनच बघावी, उपटून आणू नये.

आता नागपूरचं बोलू. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा गावात बर्फाखाली झोपणारं झाड लावता येतं का? येतं, पण त्याला हिवाळ्यापुरता पाहुणा मानायचं. ऑक्टोबरमध्ये पेरा, जानेवारी-फेब्रुवारीत फुलं बघा, एप्रिलमध्ये निरोप द्या आणि दसऱ्यानंतर पुन्हा नवं बी पेरा.

हे पटायला मला दोन उन्हाळे लागले. हिरवी जाळी बांधली, कुंड्या कुलरच्या वाऱ्यात ठेवल्या, दिवसातून दोनदा पाणी शिंपडलं. जूनचा पाऊस यायच्या आत सगळी रोपं गेली. मी दिवसाच्या उन्हाशी लढत होते, पण झाडाला मारत होती ती रात्र. दिवसा तयार केलेलं अन्न झाड रात्री श्वसनात खर्च करतं. रात्र जितकी गरम, तितका खर्च मोठा. मे महिन्यात नागपूरची रात्र पुष्कळदा २८-३० अंशांखाली उतरत नाही, मग झाडाच्या गाठीशी काही उरत नाही. थंडीचं मात्र त्याला काही वाटत नाही. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस आपल्याकडे पारा ३.५ अंशांवर आला होता, तसली रात्र या झाडाला सहज सोसते.

बी कोणतं घ्यावं

इथेच बहुतेकांची फसगत होते. पाकिटावर पाच-सहा फुटी निळ्या मनोऱ्यांचं चित्र असतं, 'पॅसिफिक जायंट' किंवा तसंच काहीतरी नाव असतं. ती जात फुलायला पाच-सहा महिने घेते, तोवर आपल्याकडे होळी होऊन जाते. नागपूरसाठी डेल्फिनियम ग्रँडिफ्लोरम ही बुटकी जात घ्या. तिचं मूळ घर सायबेरिया, मंगोलिया आणि उत्तर चीन. ती फूट-दीड फूट वाढते आणि पेरल्यापासून साधारण साडेतीन महिन्यांत फुलते. 'ब्लू बटरफ्लाय' आणि 'ब्लू मिरर' हे तिचेच वाण.

पाकीट उलटून नीट वाचा. त्यावर 'कन्सोलिडा' असेल तर तो वार्षिक लार्कस्पर, डेल्फिनियमचा एका हंगामात संपणारा भाऊबंद. दुकानात दोन्हींना डेल्फिनियमच म्हणतात. लार्कस्परही सुंदर असतो आणि लावायला सोपा, फक्त त्याला जागा बदललेली खपत नाही, म्हणून तो थेट वाफ्यातच पेरावा. पहिल्यांदाच करत असाल तर एका कोपऱ्यात तोही पेरून ठेवा.

बी ताजंच हवं. डेल्फिनियमचं बी घरात उघडं राहिलं की लवकर मरतं. आणल्या आणल्या हवाबंद डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको.

पेरणी

कागदी रुमाल ओला करून पिळा, त्यात बी पसरून घडी घाला, डबीत बंद करा आणि आठ-दहा दिवस फ्रीजमध्ये राहू द्या. मग ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं गांडूळखत समप्रमाणात भरा, वर बी टाका आणि दोन-तीन मिलिमीटर थर पसरा. या बियांना उगवायला अंधार लागतो, त्यामुळे ट्रेवर पुठ्ठा झाका.

उगवण्यासाठी १५ ते २० अंश तापमान चांगलं. पंचवीसच्या वर बी हटून बसतं. म्हणून नवरात्रात पेरायची घाई नको. ऑक्टोबरचा तिसरा आठवडा ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा ही खरी वेळ. ट्रे गच्चीवर ठेवू नका, घरातल्या सर्वांत थंड खोलीत फरशीवर ओलं पोतं अंथरून त्यावर ठेवा. माझ्याकडे माठाशेजारची जागा ठरलेली आहे. दोन ते तीन आठवड्यांत कोंब दिसतात. पहिला कोंब दिसला त्याच दिवशी पुठ्ठा काढा आणि ट्रे उजेडात न्या, नाहीतर रोपं लांबुडकी होऊन आडवी पडतात.

या वयात रोपांचा शत्रू एकच, मर रोग. संध्याकाळी ताठ असलेलं रोप सकाळी बुडाशी दोऱ्यासारखं बारीक होऊन लोळलेलं दिसतं. पाणी वरून शिंपडायचं नाही, ट्रे परातीतल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून खालून पाजायचं. कोकोपीटमध्ये आधीच चिमूटभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) मिसळलेला असला तर बरं.

माती

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. नागपूरची काळी माती पऱ्हाटीला सोनं आहे, पण ती पाणी धरून फुगते आणि डेल्फिनियमला ओले पाय चालत नाहीत. डोंगरउतारावर पाणी मुळांपाशी थांबत नाही, वाहून जातं. तोच उतार आपल्याला कुंडीत करायचा आहे.

माझं पहिलं रोप मी अंगणातल्या काळ्या मातीत लावलं आणि मायेने रोज पाणी घातलं. महिनाभरात ते दुपारी मान टाकू लागलं. मला वाटलं तहान लागली, म्हणून आणखी पाणी घातलं. शेवटी उपटून बघितलं तर मुळं तपकिरी झालेली, बोटात धरताच वरची साल मोज्यासारखी सुटून आली आणि डबक्यासारखा वास आला. तेव्हापासून मान पडलेली दिसली तर आधी मातीत बोट घालते, मग झारी उचलते.

मिश्रण असं करा: दोन भाग बागेतली माती, दोन भाग कन्हान नदीची जाड रेती, एक भाग बारीक मुरूम किंवा विटांचे तुकडे, एक भाग कुजलेलं शेणखत. दहा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. जमिनीत लावणार असाल तर वाफा वीतभर उंच करा. आपली माती थोडी विम्लधर्मी (अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट) असते, ते या झाडाला मानवतं. त्यासाठी वेगळं काही घालायला नको.

लावणी आणि देखभाल

दोन-तीन खरी पानं आली की रोपं कागदी कपात हलवा, आणि पाच-सहा पानांची झाली की कायमच्या कुंडीत. कप फाडून मातीच्या गोळ्यासकट लावा, मुळं मोकळी करू नका. जिथून पानं फुटतात ती जागा मातीच्या बरोबरीने राहू द्या, ती गाडली गेली तर कुजते. दोन रोपांत फूटभर अंतर ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत दिवसभर ऊन चालतं. पाणी सकाळी, बुडाशी, वरची इंचभर माती सुकल्यावर. दर पंधरा दिवसांनी गांडूळखताचं पाणी पुरतं. युरिया देऊ नका, पानं माजतात आणि दांडा पोकळ होऊन वाकतो. कळ्यांचा दांडा वर येऊ लागला की बांबूची कमची रोवून सुतळीने सैल बांधा. फेब्रुवारी-मार्चचा अवकाळी पाऊस आणि गारपीट आपल्याला नवी नाही, आणि गारांपुढे हे दांडे टिकत नाहीत. आभाळ भरून आलं की कुंड्या पोर्चमध्ये घ्या. मला कुंडी वाफ्यापेक्षा आवडते ती याच कारणाने.

कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला तर पाण्याचा फवारा आणि निंबोळी अर्क. पानांवर पांढरी भुरी आली तर ती पानं तोडून दूर टाका आणि कुंड्यांमध्ये हवा खेळू द्या.

फुलांचा पहिला बहर ओसरला की दांडा बाजूच्या फुटव्यांपर्यंत छाटा. थंडी रेंगाळली तर दुसरा, छोटा बहर येतो. फेब्रुवारी उतरणीला लागला की कुंडी पूर्वेकडच्या भिंतीशी हलवा, म्हणजे दुपारी बारानंतर सावली मिळेल.

एक गोष्ट विसरू नका. या झाडाचं पान, दांडा, बी, सगळंच विषारी आहे, आणि गुरांना तर फारच. छाटलेल्या फांद्या आपण सवयीने फाटकाबाहेर गाईसाठी टाकतो. या झाडाच्या टाकायच्या नाहीत. पोतं बांधून कचऱ्यातच द्या. छाटताना हातमोजे घाला आणि बी लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

मार्चअखेर शेंगा तपकिरी होऊन टोकाशी उकलू लागतात. कागदी पिशवीत झटकून बी काढा, दोन दिवस सावलीत वाळवा आणि डबी फ्रीजमध्ये ठेवा. झाड पिवळं पडलं की उपटा. कुंडीतली माती ताडपत्रीवर पसरून ओली करा, वर पारदर्शक प्लास्टिक अंथरा, कडा विटांनी दाबा आणि पूर्ण मे महिना गच्चीवर राहू द्या. जो उन्हाळा झाडाला सोसला नाही, तोच या मातीतली मर रोगाची बुरशी भाजून काढतो. पावसाळ्यात ती पोत्यात भरून कोरड्या जागी ठेवा, ऑक्टोबरमध्ये थोडं ताजं खत मिसळलं की पुन्हा त्याच कुंड्यांत भरता येते.