गावच्या पबात जेवायला जाताना

माझं लहानपण इंग्लंडमधल्या यॉर्कशायर डेल्सच्या एका खेड्यात गेलं, बाबा एनएचएसमध्ये (तिथली सरकारी आरोग्यसेवा) जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर होते, आणि गावात चर्च, पोस्ट अन् पब एवढंच. आता पुण्याहून मावशी-काकांना तिकडे घेऊन गेलो की दरवेळी तेच तेच समजावावं लागतं म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

आधी वेळ बघा. पबचं दार उघडं आहे म्हणजे किचन चालू आहे असं अजिबात धरून चालू नका, खेड्यात साधारण बारा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते साडेआठ-नऊ, मधे चूल बंद. सोमवार-मंगळवारी तर कित्येक ठिकाणी जेवणच नसतं. मागच्या खेपेला आम्ही टेकडी उतरून सव्वादोनला पोचलो आणि चौघांनी क्रिस्प्सची (आपले बटाटा वेफर्स) चार पाकिटं अन् मावशीच्या पर्समधली लसणाची चटणी यावर दुपार काढली. रविवारी जायचं असेल तर आधी फोन करून टेबल सांगून ठेवाच.

आत गेल्यावर वेटरची वाट बघत बसू नका, कोणी येत नाही. टेबल धरायचं, त्याचा नंबर बघायचा आणि एकाने बारवर जाऊन ऑर्डर द्यायची, पैसेही बहुतेक तिथेच. बारपुढे रांग दिसत नाही पण असते, आपल्या आधी कोण आलं हे आपण लक्षात ठेवायचं, आणि बारवालीच्या तर ते पक्कं लक्षात असतं. हात हलवला, नोट फडकवली की तुमचा नंबर शेवटी. काकांनी एकदा चुटकी वाजवली होती, मी लगेच वळून भिंतीवरचे जुने फोटो बघायला लागलो.

बारवर जे उभे दांडे असतात ते ओढून काढलेली एल (एक प्रकारची बिअर) तळघरातून येते, 11 ते 13 अंशांची, त्यामुळे आपल्या लोकांना ती 'गरम' लागते आणि मग बर्फ मागतात. प्लीज नको. पाइंट म्हणजे 568 मिली, झेपत नसेल तर हाफ मागा, कोणी हसत नाही. राऊंडमध्ये, म्हणजे पाळीपाळीने एकाने सगळ्यांची ड्रिंक्स आणायची त्यात, सामील झालात तर आपली पाळी आली की उठायचं, बस.

आता मुख्य, रविवारचा रोस्ट, म्हणजे भाजलेल्या मांसाचं जेवण. बीफ चालत नसेल तर लँब किंवा चिकन असतंच बहुतेक. सोबत भाजलेले बटाटे, गाजर, कोबी आणि यॉर्कशायर पुडिंग, जे गोड नसतं! मैदा-अंडी-दुधाचं पातळ पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून ओव्हनमध्ये टाकतात, ते कडेने टम्म फुगतं आणि मधे खळगा राहतो. त्या खळग्यात ग्रेव्ही ओतायची, कड मोडून त्यात बुडवायची, कुरकुरीत आहे तोवरच, बोलत बसलात तर चामट होतं. हॉर्सरॅडिश सॉस चटणीसारखा चमचाभर वाढून घेऊ नका, मोहरीसारखा थेट नाकात जातो.

शाकाहारी मंडळींसाठी नट रोस्ट (मांसाऐवजी दाणे-सुकामेव्याचा भाजलेला वडीसारखा प्रकार) असतो पण दोन प्रश्न विचाराच: ग्रेव्ही वेगळी आहे का, आणि बटाटे, चिप्स (म्हणजे आपले फ्राईज), पुडिंग कशात केलंय. आमच्या भागात बीफ ड्रिपिंग म्हणजे गाईबैलाची चरबी वापरायची जुनी सवय आहे आणि न विचारता कोणी सांगेलच असं नाही. विचारलं तर मात्र आत जाऊन नीट चौकशी करून येतात.

मुलांना न्या खुशाल. आम्ही लहान असताना चौदाच्या आतल्यांना बारमध्ये बंदी होती, म्हणून मी आणि ताई बाहेर बाकावर, क्रिस्प्सच्या पाकिटात मिठाची निळी पुडी असायची ती फाडून टाकायची आणि पाकीट कानाशी धरून हलवायचं, खिडकीतून बाबा हाफ पाइंट घेऊन पेशंटशीच बोलताना दिसायचे.

जागा उरली तर स्टिकी टॉफी पुडिंग (खजुराचा मऊ गोड केक, वर टॉफीचा सॉस), दोघांत एक पुरे. बारवर पैसे दिले तर टिपची सक्ती नाही, उठताना ग्लास बारवर नेऊन ठेवले की खूश होतात.

आणि तुमचंही बालपण त्याच गावातलं असेल तर बारच्या कोपऱ्यातला म्हातारा 'तू डॉक्टरचा पोरगा ना' म्हणून धरणारच. आधी पाऊस, मग मेंढ्यांचे भाव, मग तुमच्या बाबांनी 1983 साली त्याचा गुडघा कसा बघितला ते. बसची घाई असेल तर कोपऱ्यापासून लांबचं टेबल धरा.