आधी दिवा पेटवा, मग मेन पाडा

सातपूरच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनची दोन वर्षं करून बाहेर पडलो तेव्हा स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी मला झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगता आली असती. आणि आयुष्यातला पहिला जोरदार शॉक खाल्ला तो मावशीच्या हॉलमधल्या डिमरचा, म्हणजे दिवा मंद करायच्या गोल खटक्याचा. दोन तारांचं काम, दहा मिनिटांचं. आजही कुणी "साधा डिमर तर काढायचाय" म्हणालं की माझा डावा हात आपोआप खिशात जातो.

धंद्यात नवीन आलेल्या पोरांसाठी आणि स्वतःच्या घरात पहिल्यांदा बोर्ड उघडणाऱ्यांसाठी हे लिहितोय. फेज काय, न्यूट्रल काय, हे तुम्हाला कळतं असं धरतो. कळत नसेल तर आज बोर्ड उघडू नका, एवढंच.

मावशीचा फ्लॅट इंदिरानगरला. तिने हॉलमधला जुना ६० वॅटचा बल्ब काढून ९ वॅटचा एलईडी लावला आणि दिवा लुकलुकायला लागला. "बोर्डात भुंगा शिरलाय की काय रे?" असं फोनवर विचारत होती. भुंगा नव्हता. साध्या डिमरमध्ये ट्रायॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. तो विजेच्या प्रत्येक अर्ध्या लाटेचा थोडा भाग, म्हणजे सेकंदाला १०० वेळा, कापून दिवा मंद करतो. पण एकदा चालू झालेला ट्रायॅक चालू राहायला थोडा तरी करंट वाहावा लागतो. जुना बल्ब तेवढा आरामात ओढायचा, एलईडी ओढत नाही. मग तो मधेच सोडतो, परत धरतो. डिमरवर चालणारे एलईडी मिळतात, खोक्यावर तसं लिहिलेलं असतं. पण मावशीला मंद उजेड मुळात नकोच होता. "साधं बटण लाव, टक केलं की पेटला पाहिजे."

डिसेंबर महिना, दुपारचे चार. थंडीमुळे हॉलचा पंखा बंद. दिवाही बंद, कारण डिमरची घुंडी बंदवर फिरवून ठेवलेली. मी दाराजवळचा मेन पाडला. आतून मावशी ओरडली, "अरे, फ्रिज बंद झाला!" मी मनात म्हटलं, झालं, लाईन गेली. फ्रिजसारखा साक्षीदार असल्यावर आणखी काय हवं? तरी खिशातला टेस्टर लावून बघितला, काही दिसलं नाही. प्लेट काढली, फ्रेमचे दोन स्क्रू सोडले, डावा हात खिडकीच्या ग्रिलवर टेकवला आणि उजव्याने डिमर बाहेर ओढला. बोट टर्मिनलला लागलं.

पुढचं फार सांगत नाही. भिंतीवर आदळलो, कोपर सुजला, मावशीने पाण्याचा तांब्या आणला तो धरायला हाताची पकड नव्हती. नशीब, फेकला गेलो. चिकटलो असतो तर हे लिहायला उरलो नसतो.

बेडरूमच्या बाल्कनीत इन्व्हर्टर होता. लोडशेडिंगच्या काळात नाशिकमध्ये घरोघर इन्व्हर्टर आले, त्यातलाच एक. मेन पाडला त्याच क्षणी त्याने दिव्या-पंख्यांची लाईन स्वतःकडे घेतली. फ्रिज त्या लाईनवर नव्हता, म्हणून बंद पडला. हॉलचा दिवा होता, पण घुंडी बंद असल्यामुळे तो मला काही सांगू शकत नव्हता. आणि १२ व्होल्टची बॅटरी बघून हसू नका. तिच्यातून इन्व्हर्टर जे बाहेर काढतो ते २३० व्होल्टच.

आता हे नीट ऐका, कंटाळा आला तरी. दिवा बंद आहे म्हणजे तारेत वीज नाही, असं नसतं. काम सुरू करायच्या आधी दिवा पेटवा. डिमर पूर्ण फिरवून लख्ख पेटवा. मग इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा. दिवा चालूच राहील, कारण मेनची वीज इन्व्हर्टरमधून आरपार जात असते. इथेच दुसरी पोरं फसतात: "इन्व्हर्टर बंद केला ना, मग झालं." झालं नाही. आता मेन पाडा. दिवा गेला पाहिजे आणि गेलेलाच राहिला पाहिजे. डोळा मारल्यासारखा एकदा मिचकावून परत पेटला, तर इन्व्हर्टर अजून जागा आहे. त्याचं आउटपुट कुठून येतं ते शोधा, तिथे एमसीबी, म्हणजे लाईन तोडणारा छोटा स्विच, असेल तर ती पाडा. सापडत नसेल तर प्लेट परत लावा आणि घरी जा. यात कमीपणा काही नाही. मी एकदा गंगापूर रोडच्या एका बंगल्यातून असाच हात हलवत परत आलोय, दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना घेऊन गेलो.

आणि मेनला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती इन्व्हर्टरच्या लाईनवरही राखण करते असं गृहीत धरता येत नाही. वायरिंग कसं केलंय त्यावर ते अवलंबून.

टेस्टरचं काय? टेस्टर खोटं बोलला नव्हता, मीच त्याला आंधळा केला होता. निऑनचा टेस्टर पेटतो तो तुमच्या अंगातून जाणाऱ्या अगदी बारीक करंटवर. पायात कोरड्या रबरी स्लिपर, वर खिडकीतून येणारं चारचं ऊन. त्या उजेडात तो मिणमिणता ठिपका कुणाला दिसणार? आणि मग त्याच स्लिपरवर भरवसा ठेवून मी ग्रिल धरलं. वीज हातातून शिरली, दुसऱ्या हाताने बाहेर पडली, स्लिपरचा काही संबंधच आला नाही. म्हणून टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून बघायचा, मग कामाच्या जागी, मग परत चालू सॉकेटवर. मेन पाडल्यावर घरात चालू सॉकेट कुठून आणणार, असं विचाराल. मेन पाडायच्या आधी एकदा घरातच, आणि नंतरचं शेजाऱ्यांच्या सॉकेटवर, पण तारेला हात लावायच्या आधी. मी आता सरळ मल्टिमीटर वापरतो, फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थिंग, दोन्ही बघतो. आणि दुसरा हात खिशात. तुम्हाला हसतील. हसू द्या.

उलटा हात लावून करंट आहे का बघणारे मिस्त्री तुम्हाला भेटतील. "आम्ही तीस वर्षं असंच केलं" म्हणतील. त्यांच्याकडून पाइपातून वायर ओढायची कला शिका, ती खरंच पुस्तकात मिळत नाही. हे मात्र शिकू नका. माझ्या मिस्त्रींनी मला पहिले सहा महिने पक्कडच दिली नाही, नुसता टेस्टर आणि टेस्ट लॅम्प. तेव्हा राग यायचा. एका मिनिटात बोर्ड बदलून दाखवणाऱ्या रील्समध्ये मेन पाडताना कुणी दिसतं का, तेवढं बघा.

घाबरवलं फार. खरं काम सोपं आहे, खरंच सोपं. एकदा लाईन गेल्याची खात्री पटली की चहा पिऊनसुद्धा करता येईल.

डिमरला दोनच टर्मिनल: एकात फेज येतो, दुसऱ्यातून दिव्याकडे जातो. बोर्डात शेजारी त्याच दिव्याचं वेगळं बटण असेल, तर नवीन काही लावायची गरजच नाही. डिमर आणि बटणातून त्याच्याकडे येणारी तार काढा, दिव्याकडे जाणारी तार त्या बटणाच्या बाहेर जाणाऱ्या टर्मिनलला घ्या, मोकळ्या जागी ब्लँक प्लेट बसवा. मावशीकडे ऑन-ऑफ डिमरच्या घुंडीतच होतं, म्हणून ६ अँपिअरचं वनवे बटण लावलं. बऱ्याच डिमरना दोन मॉड्यूलची जागा लागते आणि बटणाला एक, तेव्हा तिथेही ब्लँक लागतेच. एका कंपनीचं मॉड्यूल दुसऱ्या कंपनीच्या फ्रेमला सहसा बसत नाही. जुना तुकडा खिशात घालून दुकानात जा, मी रविवार कारंजावर दोन चकरा मारल्यात.

फेजच्या टर्मिनलमध्ये एकाऐवजी दोन तारा दिसल्या तर गोंधळू नका. दुसरी लूप असते, पुढच्या बटणांना फेज तिथूनच जातो. दोन्ही तारा नव्या बटणाच्या एकाच टर्मिनलमध्ये घट्ट बसवा. एक राहिली तर अर्धा बोर्ड मेलेला दिसेल आणि तुम्ही तासभर एमसीबी चालू-बंद करत बसाल. टर्मिनलला तीन तारा असतील, किंवा दिवा दोन ठिकाणांहून लागत असेल, तर आधी फोटो काढा आणि कुणाला तरी दाखवा.

स्क्रू आवळल्यावर प्रत्येक तार ओढून बघा. सैल तार आज काही करत नाही. सहा महिन्यांनी प्लास्टिक जळल्याचा वास येतो.

सुजलेल्या कोपराने ते बटण मी त्याच संध्याकाळी लावलं, यावेळी बाल्कनीतून सुरुवात करून. मावशीने टक केलं, दिवा पेटला, भुंगा गेला. ती दोन मिनिटं सोफ्यावर बसून वर बघत राहिली. मग म्हणाली, "डोळ्यावर येतोय रे फार. तो मंद करायचा गोल खटका परत नाही का लावता येणार?"

दुसऱ्या दिवशी ५ वॅटचा बल्ब नेऊन दिला.