ड्रायसूट दुरुस्त करायचा की निकालात काढायचा?
मुंबईच्या दमट हवेत माळ्यावर पडून असलेला ड्रायसूट (पाणी आत न शिरू देणारा डायव्हिंगचा सूट) बाहेर काढलात, की आधी मनगटांचे आणि गळ्याचे लॅटेक्स सील ताणून बघा. चिकट लागले किंवा बारीक भेगा दिसल्या तर सील बदला; ते झिजणारच, त्यापायी सूट टाकायचा नसतो. मग मनगटांत बाटल्या, गळ्यात चेंडू बसवा, दंडावरचा व्हॉल्व्ह बंद करून हवा भरा आणि साबणाचं पाणी फिरवा. एकदोन जागी बुडबुडे आले तर ठिगळावर भागतं. झिप गळत असेल तर आधी भाव विचारा, काम महागडं असतं. पण ट्रायलॅमिनेट, म्हणजे तीन थरांच्या कापडाच्या, सूटवर पाठ, काखा, गुडघे, सगळीकडून बारीक फेस यायला लागला, तर मधला रबराचा थरच गेलाय. त्यावर एक रुपयाही घालू नका. व्हॉल्व्ह चांगले असतील तर तेवढे काढून ठेवा.