अभ्यासिकेच्या वायफायवर आयपी पत्ते आपोआप वाटायची मांडणी

समजा, सांगलीत विश्रामबागेकडे ६० खुर्च्यांची अभ्यासिका आहे. सकाळी सहाची आणि दुपारी दोनची अशा दोन पाळ्या. सकाळी नेट झकास चालतं. दोनची पाळी आली की निम्म्या फोनवर ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ एवढंच फिरत राहतं. अशा वेळी महागडा प्लॅन घेऊन काही होत नाही. लाइन ठणठणीत असते, वाटायचे आयपी पत्तेच (जाळ्यात प्रत्येक उपकरणाला मिळणारा वेगळा क्रमांक) संपलेले असतात.

पत्ते वाटायचं काम राउटरमधला डीएचसीपी सर्व्हर करतो, तेही ठरावीक मुदतीसाठी. या मुदतीला लीज म्हणतात. मुलगा फोन खिशात घालून घरी गेला तरी लीज संपेपर्यंत तो पत्ता त्याच्याच नावावर अडकून राहतो. आता हिशेब करा: ६० फोन आणि ३० लॅपटॉप, म्हणजे एका पाळीला ९० पत्ते, दोन पाळ्यांना १८०. बऱ्याच राउटरवर मूळ पूल (वाटायच्या पत्त्यांचा साठा, पत्त्याच्या शेवटच्या आकड्यात मोजलेला) १०० ते १९९ असतो, म्हणजे पत्ते फक्त १००. त्यात लीज २४ तासांची असली तर दुपारच्या मुलांना उरतात दहा.

लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. वायफायवरून बदल केले तर मध्येच संपर्क तुटतो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ उघडा, नक्की पत्ता राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो. लॅन (आतलं जाळं) किंवा नेटवर्कच्या पानावर डीएचसीपी सापडेल. सबनेट मास्क (जाळ्यात किती पत्ते बसतात ते ठरवणारा आकडा) २५५.२५५.२५५.० असेल तर पूलची सुरुवात २० आणि शेवट २५० करा. पत्ते झाले २३१. लीज २ तास ठेवा; काही राउटर ती मिनिटांत मागतात (१२०), काही सेकंदांत (७२००). एकक न बघता २ टाकलं तर दर काही क्षणांनी नूतनीकरण सुरू होईल. गेटवे (जाळ्यातून बाहेर जायची वाट) आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारा सर्व्हर) आहेत तसे राहू द्या. सेव्ह करून राउटर बंद-चालू करा.

२ ते १९ हे पत्ते मुद्दाम मोकळे ठेवलेत. प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर यांचा पत्ता बदलून चालत नाही, म्हणून त्यांचा मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) टाकून यातला एकेक राखून ठेवा. काही राउटर राखीव पत्ताही पूलमधलाच मागतात. तसा दिला तरी चालतो, राउटर तो दुसऱ्याला देत नाही.

खरा घोळ होतो तो माडीवर दुसरा राउटर लावताना. त्याचाही डीएचसीपी चालू राहिला तर एकाच जाळ्यात दोघे वाटप करू लागतात. मग शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाचं नेट चालतं, दुसऱ्याचं वायफाय जोडलेलं दिसूनही काही उघडत नाही. त्याच्या फोनला गेटवे म्हणून माडीवरचा राउटर मिळालेला असतो आणि त्या राउटरकडे बाहेर जायची वाटच नसते. म्हणून क्रम पाळा. नवा राउटर आधी एकटाच लॅपटॉपला जोडा. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर नव्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा. नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून डीएचसीपी बंद करा. मगच मुख्य राउटरच्या लॅन पोर्टातून आलेली केबल याच्या लॅन पोर्टात घाला. वॅनचं (बाहेरच्या इंटरनेट लाइनचं) पोर्ट, बहुतेक वेळा वेगळ्या रंगाचं, रिकामं राहू द्या. राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर हे सगळं तो स्वतःच करतो, पण केबल कुठे घालायची ते पुस्तिकेत बघा.

शंका आली तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या. डीएचसीपी सर्व्हरच्या ओळीत मुख्य राउटरचाच पत्ता हवा. दुसरा दिसला तर तो चोर राउटर शोधा. लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्याला कुणीच पत्ता दिलेला नाही, त्याने स्वतःच घेतलाय: केबल तरी सैल आहे किंवा पूल तरी संपलाय.

कोणते ते कळायला दुपारी अडीचला राउटरमधली डीएचसीपी क्लायंटची यादी उघडा आणि नावं मोजा. आकडा २३१ ला भिडू लागला असेल तर लीज १ तासावर आणा.